घराचे शब्द, घराचा हक्क

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. बांधण्यातली सारी दगदग ह्या म्हणीत आली आहे. परंतु घर वाचूनही पाहावे, असे मात्र कोणी सांगून ठेवलेले नाही. वास्तविक विटा-सिमेंटाचे घर उभे राहण्याआधी एक घर कागदावर उभे राहत असते. त्याची भाषा निराळी असते. ती न कळल्यामुळे चांगली शिकलेली, हिशेबी माणसेही फसतात. आणि कित्येकदा तर फसवणारा कोणी नसतानाही फसतात.

ह्याची जाणीव मला माझ्या मामांकडून आलेल्या एका जाड लिफाफ्यामुळे झाली. मामा मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या नोकरीत १९८४ साली त्यांची बदली झाशीस झाली. झाशी विभाग २००३ सालच्या एप्रिलपर्यंत मध्य रेल्वेतच मोडत असे. त्यामुळे भुसावळ, नागपूर, मुंबई इकडची कितीतरी मराठी कुटुंबे बदलीच्या निमित्ताने तिकडे गेली आणि काही तिथलीच झाली. झाशीतील जुन्या मराठी घराण्यांचा इतिहास नारो शंकरांच्या आणि नेवाळकरांच्या काळापर्यंत मागे जातो. मामांचे झाशीकरपण मात्र रेल्वेचे. १९९१ साली त्यांनी प्रेम नगरात दीडशे गजांचा एक प्लॉट घेतला आणि दोन वर्षांनी त्यावर घर बांधले. आता मामांनी सत्तरी ओलांडली आहे. मुलगा पुण्यास असतो. झाशीचे घर विकावे, त्या पैशांत थोडी भर घालून पुण्यास फ्लॅट घ्यावा आणि सर्वांनी एकत्र राहावे, असा विचार ठरला. गिऱ्हाईकही मिळाले. परंतु गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेने एक कागद मागितला आणि सारे तिथेच थांबले.

भाषांतर हाच माझा व्यवसाय. म्हणून मामांनी घराचे सगळे कागद पाठवले आणि सोबत लिहिले, "एवढे मराठीत करून चिरंजीवांकडे पाठव. त्याला इकडचे शब्द कळत नाहीत आणि मला तिकडचे." त्या कागदांचे भाषांतर करताना जे शिकले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी कोणाचे घर झाशीत असेल, कोणाचे साताऱ्यात, कोणाचे ठाण्याच्या सहाव्या मजल्यावर. पण प्रश्न सर्वांचे एकच आहेत.

ओळखीचे शब्द, निराळे अर्थ

आरंभ हलक्याफुलक्या शब्दांनी करू. मराठी माणसाला 'गज' म्हटले की खिडकीचा लोखंडी गज आठवतो. झाशीत प्लॉट गजांत मोजतात; तिथे एक गज म्हणजे एक चौरस यार्ड, अर्थात नऊ चौरस फूट. मामांचा दीडशे गजांचा प्लॉट म्हणजे साडेतेराशे चौरस फूट झाला. आपल्या गुंठ्याशी तुलना करायची तर एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच बरोबर १२१ गज. आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. बिघ्याच्या बाबतीत मात्र सावध असावे. बिघा प्रांताप्रांतात, कित्येकदा जिल्ह्याजिल्ह्यात बदलतो. कोणी बिघ्यात भाव सांगितला, तर तो चौरस मीटरमध्ये किती होतो हे विचारून कागदावर लिहून घ्यावे.

बांधकामातही असेच आहे. जमिनीच्या वर आणि भिंतींच्या खाली जो चौथरा येतो, त्याला आपण जोते म्हणतो. उत्तरेकडचा गवंडी त्यालाच 'कुर्सी' म्हणतो. ही कुर्सी रस्त्याच्या पातळीहून पुरेशी उंच नसेल, तर पावसाचे पाणी घरात येते. आज ना उद्या रस्त्यावर नवा थर चढणार, हेही उंची ठरवताना लक्षात घ्यावे. जोत्याच्या माथ्यावर भिंत चढवण्यापूर्वी ओलरोधक थर देतात. मिस्त्री त्याला 'डी.पी.सी.' म्हणतो. तो वगळला, तर जमिनीतील ओल भिंतीत चढते आणि पुढे कितीही वेळा रंग दिला तरी पापुद्रे सुटतच राहतात.

'लिंटर' ह्या शब्दाने तर आमच्या घरात खरोखरच घोटाळा केला. आपल्याकडे लिंटेल म्हणजे दार-खिडकीच्या वर येणारी आडवी तुळई. झाशीकडे मात्र साऱ्या छताच्या स्लॅबलाच लिंटर म्हणतात. मामांच्या घराचा स्लॅब पडला तो मे महिन्यात. मामा कामावर बाहेरगावी गेलेले, मामी आजारी. म्हणून देखरेखीला माझी आई गेली होती. मिस्त्री जाताना सांगून गेला, "माताजी, लिंटर की तराई करते रहना." तराई म्हणजे पाणी मारणे, एवढे आईने शेजारणीला विचारून घेतले. मग चार दिवस तिने निष्ठेने प्रत्येक दाराच्या वरच्या तुळईवर पाणी मारले. छत मात्र बुंदेलखंडाच्या उन्हात कोरडे राहिले. त्या छताला पडलेल्या बारीक भेगांतून अजूनही पावसाळ्यात पाणी ठिबकते.

सिमेंट कठीण होते ते नुसते वाळून नव्हे. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया पुढे कित्येक दिवस चालू राहते आणि तिच्यासाठी काँक्रीट ओले राहावे लागते. भारतीय मानकाच्या काँक्रीटविषयक संहितेत (आय. एस. ४५६) साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी द्यावे असे सांगितले आहे, हवा कोरडी आणि उष्ण असेल, तर हे दिवस अनुक्रमे दहा आणि चौदा करावेत अशी शिफारस आहे. हल्ली दुकानात मिळणारे बरेचसे सिमेंट मिश्र जातीचे असते. तेव्हा पिशवीवर काय छापले आहे ते पाहावे, आणि उन्हाळ्यात स्लॅब टाकला असेल तर चौदा दिवस पाणी सोडू नये. स्लॅबवर मातीचे वा सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवून ठेवणे सर्वांत सोपे.

असो. छताची भेग बुजवता येते. कागदावरची भेग बुजवणे पुष्कळ कठीण असते. आता तिकडे वळू.

जमीन कोणाच्या नावे?

लिफाफ्यात 'खसरा' असे शीर्षक असलेला एक उतारा होता. हिंदीत गोवरालाही खसराच म्हणतात. त्यामुळे क्षणभर हा कोणाच्या आजाराचा कागद असावा असे मला वाटले! जमिनीच्या कामात मात्र खसरा म्हणजे गावातील शेतांची क्रमवार नोंदवही. प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक असतो. त्याला खसरा क्रमांक वा गाटा संख्या म्हणतात. आपला सर्व्हे नंबर किंवा गट क्रमांक तो हाच. 'खतौनी' ही खातेवार नोंद होय. कोणत्या खातेदाराकडे कोणते गाटे आहेत आणि कोणत्या हक्काने आहेत, ते तीत असते. आपल्या सातबारामध्ये गाव नमुना सात हा अधिकारांचा अभिलेख असतो आणि नमुना बारा पिकांच्या नोंदीचा. खतौनीचे नाते साताशी आहे आणि खसऱ्याचे बाराशी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. 'रकबा' म्हणजे क्षेत्र आणि 'चौहद्दी' म्हणजे चतुःसीमा.

खतौनीवर '१४३० फसली' असे साल दिसल्यास गोंधळून जाऊ नये. फसली वर्ष जुलैत सुरू होते. त्यात ५९२ मिळवले की आरंभीचे इसवी साल मिळते. म्हणजे १४३० फसली हे जुलै २०२२ ते जून २०२३ ह्या काळाचे वर्ष ठरते.

खतौनीतील हक्काचा प्रकार नीट वाचावा. 'संक्रमणीय अधिकार असलेला भूमिधर' आपली जमीन विकू शकतो. 'असंक्रमणीय' भूमिधराला तशी मुभा नसते. महाराष्ट्रात हाच भेद भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ ह्या शब्दांत येतो. वर्ग २ ची जमीन शासनाच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. उताऱ्याच्या एका कोपऱ्यातील हा लहानसा शब्द साऱ्या व्यवहाराचा निकाल लावतो. दोन्ही राज्यांत हे उतारे आता संगणकावर पाहता येतात. परंतु पाहिलेला उतारा चालू तारखेचा आहे ना, हे तपासावे.

शहरात आणखी एक शब्द भेटतो, 'नजूल'. नजूल म्हणजे सरकारच्या मालकीची, पण पट्ट्याने किंवा अन्य रीतीने लोकांच्या वापरात असलेली जमीन. उत्तर हिंदुस्थानात १८५७ नंतर जप्त झालेल्या पुष्कळ मिळकतींची गणना तीत झाली. अशा जमिनीवर तीन पिढ्यांचे घर उभे असले, तरी जमीन सरकारचीच राहते. पट्टा केव्हा संपतो, त्याचे नूतनीकरण झाले आहे काय, जमीन 'फ्रीहोल्ड', म्हणजे पूर्ण मालकीची करून घेतली आहे काय, हे विचारावे लागते. झाशीसारख्या गावात रेल्वेची आणि लष्करी छावणीची जमीनही पुष्कळ आहे. तेव्हा प्लॉटची हद्द तिला लागून असेल, तर मोजणी करून घेतल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये.

इसार, करार आणि खरेदी

आता त्या कागदाकडे येऊ, जो मामांच्या लिफाफ्यात नव्हता.

जमिनीच्या व्यवहाराला तीन पायऱ्या असतात. पहिली इसाराची. व्यवहार ठरला ह्याची खूण म्हणून थोडी रक्कम द्यायची आणि इसारपावती घ्यायची. झाशीत हिला 'बयाना' म्हणतात. दुसरी पायरी कराराची. अमुक किमतीस, अमुक मुदतीत मी ही मिळकत तुम्हांस विकीन, असे वचन विकणारा देतो. आपल्याकडे हे साठेखत, तिकडे 'इकरारनामा'. तिसरी पायरी प्रत्यक्ष विक्रीची. विकणारा आपला हक्क सोडतो आणि घेणारा मालक होतो. हे खरेदीखत, तिकडे 'बैनामा'.

मामांकडे इसाराची पावती होती, इकरारनामा होता आणि पूर्ण किंमत दिल्याच्या रसीदी होत्या. जागेचा ताबा, म्हणजे 'कब्जा', मिळाला होता. बैनामा "पुढच्या महिन्यात करू" असे ठरले. पुढचा महिना कधी आला नाही. विकणारे गृहस्थ सज्जन होते. लबाडीचा विचार कोणाच्याच मनात नव्हता. मामांच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघाला, मग त्या गृहस्थांच्या घरी आजारपण आले, आणि २००२ साली ते वारले.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम हा १८८२ सालचा कायदा. त्याच्या कलम ५४ मध्ये दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या आहेत. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होते. आणि विक्रीचा करार स्वतः होऊन मिळकतीत कसलाही हक्क निर्माण करीत नाही. उत्तर प्रदेशात तर १ जानेवारी १९७७ पासून असा करारदेखील नोंदवावाच लागतो. मामांच्या इकरारनाम्यावर होता तो नोटरीचा शिक्का.

'नोटरी' आणि 'नोंदणी' हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात. त्यांच्यात अंतर मात्र फार मोठे आहे. सही ह्याच माणसाने केली, एवढीच साक्ष नोटरी देतो. नोंदणी होते ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. तिथे मुद्रांक शुल्क भरले जाते, दोन्ही पक्षांची ओळख पटवली जाते, साक्षीदार सह्या करतात आणि दस्ताची नोंद सरकारी दप्तरात कायमची राहते. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करायचा असतो.

'मुखत्यारपत्र' हा असाच आणखी एक धोक्याचा शब्द. बैनाम्याचा खर्च वाचवण्यासाठी करारनामा, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद करून घर 'विकण्याची' पद्धत कित्येक शहरांत रूढ झाली होती. अशा कागदांनी मालकी जात नाही, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी दिला.

"इतकी वर्षे घरपट्टी भरतो आहे, मग घर कोणाचे?"

हे सारे मी मामांना दूरध्वनीवरून सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, तीस वर्षांवर मी घरपट्टी भरतो आहे. पावत्या माझ्या नावाच्या. विजेचे बिल माझ्या नावाचे. मग घर कोणाचे?"

मामांसारखे सहस्रावधी लोक हाच प्रश्न विचारतात. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

खरेदीनंतर सरकारी दप्तरात जुन्या मालकाचे नाव कमी होऊन नव्याचे लागते. आपण ह्याला फेरफार म्हणतो. उत्तरेकडचा शब्द अधिक बोलका आहे: 'दाखिल-खारिज', म्हणजे एक आत आला आणि एक बाहेर गेला. ही नोंद आवश्यक आहे. परंतु ती सारा वा कर कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी असते. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले आणि पुढेही अनेकदा सांगितले आहे. घरपट्टीची पावती, विजेचे बिल, शिधापत्रिका यांवरून एवढेच सिद्ध होते की त्या घरात आपण राहतो.

"बारा वर्षे राहिले की घर आपले" असाही एक समज आहे. मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे आणि सलग बारा वर्षे ताबा ठेवला, तर कायद्यात त्याचा विचार होतो हे खरे. पण मालकाच्या संमतीने, करारापोटी मिळालेला ताबा हा त्याच्या विरुद्धचा ताबा ठरत नाही. मामा तर त्या कुटुंबाच्या घरी दिवाळीचा फराळ नेत असत! करार पुरा करून मिळावा म्हणून दावा लावण्याची मुदतही साधारणतः तीन वर्षांची असते. ती मुदत ठरलेल्या तारखेपासून मोजतात. तारीख ठरलेली नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून.

मृत्युपत्र करून घर मुलाला द्यावे, असेही मामांनी सुचवले. परंतु आपल्या नावे जे नाही, ते मृत्युपत्राने देता येत नाही.

मग मार्ग कोणता? झाशीतील वकिलांनी सांगितला तो सरळ होता, पण खर्चाचा. विकणाऱ्या गृहस्थांचे चार वारस आहेत. त्या सर्वांनी मिळून मामांच्या नावे आज बैनामा करून द्यावा. मुद्रांक शुल्क आजच्या सरकारी दराने पडेल. ह्या दराला तिकडे 'सर्किल रेट' आणि आपल्याकडे 'रेडी रेकनर' म्हणतात. ह्या दराने येणारी किंमत आणि कागदावर लिहिलेली किंमत यांपैकी जी अधिक, तिच्यावर शुल्क आकारतात. १९९१ साली जो खर्च मामांच्या दोन पगारांत भागला असता, त्यासाठी आता ठेव मोडावी लागणार आहे. तीन वारस सही करण्यास तयार झाले. चौथी मुलगी लग्न होऊन दूर गेली आहे. तिच्याशी पत्रव्यवहार चालू आहे. पुण्याचा फ्लॅट तिच्या एका सहीसाठी अडून राहिला आहे. मामी मला विचारतात, "अगं, आपण तर सगळे पैसे दिले होते ना?" होय, दिले होते. रसीदी आहेत, आणि त्याच रसीदींच्या आधारावर ते तिघे तयार झाले.

घर बांधता येईल का?

मालकी निर्विवाद असली, तरी आणखी एक प्रश्न उरतो: ह्या जमिनीवर घर बांधण्याची मुभा आहे काय?

झाशीच्या आसपास प्लॉट पाहणाऱ्याला दलाल सांगतो, "एक सौ तैंतालीस हो चुका है." हा आकडा १९५० सालच्या जमीनदारी निर्मूलन कायद्यातील कलमाचा. शेतजमीन बिगरशेती झाल्याची घोषणा त्या कलमाखाली होत असे. ११ फेब्रुवारी २०१६ पासून तिथे नवी राजस्व संहिता लागू झाली असून तीत हे काम कलम ८० खाली होते. पण लोकांच्या तोंडी जुना आकडाच बसला आहे. महाराष्ट्रात ह्यालाच 'एन. ए.' किंवा अकृषिक म्हणतात. तोंडी आकड्यावर विसंबू नये. आदेशाची प्रत पाहावी आणि तीत आपलाच गाटा वा गट क्रमांक आहे ना, हे ताडून घ्यावे.

त्यानंतर नकाशा. 'नक्शा पास' आहे, असे झाशीत सांगितले, तर तो झाशी विकास प्राधिकरणाने मंजूर केलेला आहे काय, हे विचारावे. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांची जागेवर उभे राहून तुलना करावी. महाराष्ट्रातील शहरांत ह्या परवानग्या टप्प्याटप्प्याने येतात. बांधकाम सुरू करण्यासाठी प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्यापर्यंत आल्यावर जोते तपासणी, आणि शेवटी इमारत राहण्यास योग्य झाली असे सांगणारे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच बोलण्यातील 'ओ. सी.' भोगवटा प्रमाणपत्राखेरीज किल्ली घेणाऱ्यास पुढे पाण्याच्या जोडणीपासून पुनर्विक्रीपर्यंत पदोपदी अडचण येते.

मिळकतीवर कर्ज वा गहाण आहे काय, हेही पाहायचे असते. उत्तर प्रदेशात ह्यासाठी नोंदणी कार्यालयातून 'बारह साला' काढतात. मागील बारा वर्षांत त्या मिळकतीचे कोणते दस्त नोंदले गेले, हे त्यात कळते. आपल्याकडे वकील साधारणतः तीस वर्षांचा शोध घेऊन 'सर्च रिपोर्ट' देतात.

फ्लॅटचे किती फूट?

मामेभावाने पुण्यात जो फ्लॅट पाहिला, त्याच्या जाहिरातीत "हजार फूट" असे म्हटले होते. त्याने करारनाम्याचा मसुदा मला वाचायला पाठवला, तेव्हा त्यात ७०० चौरस फूट होते. दोन्ही आकडे खरे असू शकतात. मोजण्याची रीत मात्र निराळी.

'चटई क्षेत्र', म्हणजेच कार्पेट एरिया, हे घरातील प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र होय. २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण 'रेरा' म्हणतो, त्याची व्याख्या निश्चित केली आहे. घरातील अंतर्गत भिंतींची जागा त्यात येते. बाहेरच्या भिंती, नळ-तारांचे बोगदे, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाहीत. 'बिल्ट-अप' क्षेत्रात बाहेरच्या भिंती आणि सहसा बाल्कनीही मिळवतात. 'सुपर बिल्ट-अप' मध्ये जिना, लिफ्ट, प्रवेशद्वार यांचा वाटाही धरतात. ह्या वाढीला व्यवहारात 'लोडिंग' म्हणतात. समजा, फ्लॅटची किंमत साठ लाख आहे. हजार फुटांवर हिशेब केला तर भाव सहा हजार रुपये दिसतो. सातशेवर केला तर तोच साडेआठ हजारांच्या वर जातो. दोन इमारतींची तुलना करायची असेल, तर दोन्हींचे चटई क्षेत्र घेऊन भागाकार करावा. हे काम दहावीतला मुलगाही करू शकतो, त्यालाच सांगावे.

'चटई क्षेत्र निर्देशांक' हा शब्द मात्र निराळा आहे. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते त्याने ठरते. बोलण्यात त्याला 'एफ. एस. आय.' आणि उत्तरेकडे 'एफ. ए. आर.' म्हणतात.

ह्याच कायद्यातील आणखी काही गोष्टी ध्यानात असाव्यात. नोंदणीकृत करारनामा झाल्यावाचून विकासक किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधणीतील दोष दाखवून दिला, तर तीस दिवसांत, जादा आकार न घेता, तो दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. जमीन ५०० चौरस मीटरांपर्यंतची असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर मात्र त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. लहान इमारतीत घर घेणाऱ्याने म्हणूनच अधिक डोळसपणे पाहावे.

महाराष्ट्रातील फ्लॅटधारकाला एक शेवटचा शब्द माहीत असलाच पाहिजे: 'अभिहस्तांतरण', म्हणजे कन्व्हेयन्स. फ्लॅट आपल्या नावे झाला, तरी खालची जमीन विकासकाने सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. तो टाळाटाळ करीत असेल, तर सक्षम अधिकाऱ्याकडून 'मानीव अभिहस्तांतरण' मिळवण्याची तरतूद २००८ साली मोफा कायद्यात झाली आहे. कित्येक सोसायट्या इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ येईपर्यंत हा शब्द उच्चारीतही नाहीत. त्यांचे दुखणे मामांच्याच जातीचे आहे: राहतो आम्ही, कर भरतो आम्ही, आणि जमीन दुसऱ्याच्या नावे.

आज संध्याकाळी

वाचकहो, एवढे शब्द पाठ करण्याची जरुरी नाही. घराची फाइल उघडून चारच गोष्टी पाहा. खरेदीखत आहे काय, आणि त्यावर दुय्यम निबंधकाच्या नोंदणीचा क्रमांक व तारीख आहे काय? त्यातील गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा उताऱ्याशी जुळतात काय? फेरफार झाला आहे काय? मंजूर नकाशा आणि भोगवटा वा पूर्णता प्रमाणपत्र जागेवर आहे काय? यांपैकी जे नसेल, ते एका कागदावर लिहून ठेवा आणि वकिलांना दाखवा. विकणारा हयात असेल, त्याचा पत्ता ठाऊक असेल आणि दोन्ही घरांत सलोखा असेल, तर तो दिवस चांगला समजून काम उरकून घ्या.

हे काम एकट्या कर्त्या पुरुषाने करू नये, असेही सुचवावेसे वाटते. मामींनी तीस वर्षे त्या कागदांना ऊन दाखवले, वाळवी लागू दिली नाही. पण त्यात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना कोणी वाचून दाखवले नव्हते. मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून मागितले, बैनामा आणि दाखिल-खारिज. तो कागद त्यांनी फाइलीच्या वरच डकवला आहे आणि त्याखाली चौथ्या वारसाचा पत्ता लिहिला आहे.